नदीकाठच्या वाटेसाठी सरकारी निधी: आधी जमीन, मग लेखाशीर्ष

ताई, तुमचा प्रश्न असा आहे. गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. घाटापासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत, साधारण साडेतीन किलोमीटर, नदीच्या कडेनं चालायची वाट करायची आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका आज मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूनं चालतात, पोलीस भरतीची पोरं त्याच रस्त्यावर अंधारात पळतात, म्हणून ही वाट हवी. गावातली मंडळी कोकणात समुद्रकाठची अशी एक वाट बघून आली, येताना तिथल्या प्रकल्प अहवालाची प्रत घेऊन आली, आणि ती समोर ठेवून एका सल्लागारानं तुम्हाला चार कोटींचा अहवाल करून दिला. हे चार कोटी कुठल्या सरकारी योजनेतून मिळतील आणि प्रस्ताव कुणाकडे द्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

सरळ सांगतो. ग्रामपंचायतीला चार कोटी एकरकमी मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी तो अहवाल जसाच्या तसा बांधू नका. ‘नदीकाठची फिरायची वाट’ नावाचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, सरकारात नाही. पण वाटेच्या प्रत्येक तुकड्याला कुठलं ना कुठलं लेखाशीर्ष लागू पडतं, आणि तसे तुकडे नीट लावले तर दोन-तीन आर्थिक वर्षांत वाट उभी राहते. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकामात गेली, आता ग्रामपंचायतींचे प्रस्ताव बघून देतो. पैशाअभावी मेलेल्या फायली मी कमी पाहिल्या. जागेअभावी मेलेल्या कितीतरी.

आधी त्या कोकणच्या अहवालाचा विषय संपवू. किनाऱ्यावरच्या अशा कामांना पैसा येण्याची वाटच वेगळी. केंद्राच्या ‘स्वदेश दर्शन’ योजनेत सागरी पर्यटनाचा स्वतंत्र गट होता; २०१५-१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याला त्याखाली मंजुरी मिळाली, त्यात शिरोडा, तारकर्ली, देवगड अशी ठिकाणं आली. असे प्रस्ताव राज्य सरकार केंद्राकडे नेतं, ग्रामपंचायत नाही. परवानग्याही वेगळ्या. तिथं भरतीरेषा बघायची, २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना बघायची, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जायचं. आपल्याकडे यातलं काही लागत नाही. आपल्याकडे लागते पूररेषा, आणि ती जलसंपदा विभागाकडे असते. तुमच्या अहवालात एके ठिकाणी ‘भरतीच्या वेळी सुरक्षिततेसाठी’ असे शब्द तसेच राहिलेत. पलूस तालुक्यात भरती! नियोजन कार्यालयातल्या कारकुनाच्या नजरेतून असलं सुटत नाही, आणि एकदा हसू झालं की फाइल खालच्या गठ्ठ्यात जाते.

आता जमीन. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या अहवालात जमिनीवर एकच वाक्य आहे: ‘सदर जागा शासकीय आहे.’ हे कुणी ठरवलं? जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी आणि तिचं पात्र सरकारचं, हे बरोबर. पण पात्र कुठं संपतं? काठाला मळीची जमीन आहे. पूर ओसरला की तिच्यात वांगी लावतात, आणि कृष्णाकाठच्या वांग्याचा मान कुठल्या जमिनीमुळं आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातली काही मळी सातबाऱ्यावर मालकीची, काही नुसत्या वहिवाटीची, काही सरकारी पण तीन पिढ्या एकाच घराच्या हातात. गावात कुणीही तोंडानं ‘घ्या की वाट, आमची काय हरकत’ म्हणतं. मुरमाचा पहिला डंपर आला की तोच माणूस आडवा येतो. त्याचंही चुकत नाही. त्याला कुणी कागद दाखवलेला नसतो.

म्हणून पहिलं काम: तलाठ्याकडून आणि भूमी अभिलेखकडून गावनकाशा काढा, आणि त्या साडेतीन किलोमीटरवर बोट फिरवत बसा. गावनकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत नदीकडे जाणारे असे मार्ग नकाशात आहेत आणि जमिनीवर ऊस उभा आहे. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर, म्हणजे तुम्हाला हवी तेवढीच वाट. जिथं जिथं ही रेषा आहे तो तुकडा तुमचा पक्का; तिथं कुणाची संमती मागायची नाही, मोजणी करून अतिक्रमण बाजूला घ्यायला लावायचं. जिथं रेषा नाही पण सरकारी पड किंवा गायरान आहे, तिथं जागा तहसीलदारांमार्फत मागावी लागते. आणि गायरान म्हटलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सांगणाऱ्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महसूलवाले हात आखडतात, त्याला वेळ धरा. जिथं मालकीची जमीन आहे तिथं दोनच मार्ग: वाट वळवा, नाहीतर नोंदणीकृत बक्षीसपत्र घ्या. स्टँपवरच्या नुसत्या संमतीपत्रावर काम सुरू होतं, पण माणूस वारला, भाऊवाटण्या झाल्या की पोरं ते मानत नाहीत, आणि खासगी जागेवर सरकारी पैसा टाकल्याचा लेखापरीक्षणाचा आक्षेप सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावावर बसतो. एक सूचना: महसूल संहितेच्या कलम १४३ चा आधार कुणी सुचवला तर घेऊ नका. ते बांधावरून शेतात जायच्या रस्त्यासाठी आहे, फिरायला जायच्या नाही.

हे झालं की जो तुकडा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे त्याची नोंद नमुना २३ ला घ्या, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत. ग्रामविकासच्या कुठल्याही कामाच्या फाइलला हा उतारा मागतात, आणि नव्वद टक्के गावं तो निधी मंजूर झाल्यावर शोधायला लागतात.

जमिनीच्या मागोमाग येतात मोटारी, आणि ही गोष्ट कोकणच्या अहवालात असणं शक्यच नाही. तुमच्या काठावर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरी, किती आहेत, वैयक्तिक मोटारी किती, पाणीपुरवठा संस्थांच्या पाइपलाइनी कुठं काठ ओलांडतात, हे एकदा वहीत लिहून काढा. जुलैमध्ये कोयनेतून पाणी सोडल्याचा निरोप आला की काय होतं ते तुम्ही दरवर्षी बघता: एका रात्रीत सगळा काठ जागा होतो, पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरून फूटव्हॉल्व्ह सोडवतात, ट्रॅक्टरला दोर लावून मोटारी वर ओढतात, कुणी स्टार्टरची पेटी खांद्यावर घेऊन पळतो. त्या वेळी तुमच्या वाटेची स्टीलची रेलिंग आडवी आली तर ती कापली जाईल, आणि कापणाऱ्याला गावात कुणी दोष देणार नाही. म्हणून आराखड्यात मोटारी काढायच्या उतारवाटा आधी आखा, तिथं रेलिंग नको, ट्रॅक्टर जाईल एवढं दगडी पिचिंग करा. केबल आणि पाइपसाठी वाटेखालून आरसीसी पाइप टाकून ठेवा, दरवर्षी वाट खणावी लागणार नाही. दोन फायदे होतात. शेतकरी विरोध करायचा थांबतो, कारण त्यालाही पक्की उतारवाट मिळाली. आणि प्रस्तावात ‘लाभार्थी’ या रकान्यात फिरणाऱ्यांबरोबर सिंचन करणारे शेतकरीही येतात. जिल्हा नियोजन समितीच्या सभेत दुसऱ्या ओळीला जास्त वजन आहे, हे स्पष्टच बोलायला हवं.

पुराचं सांगायचं तर, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा धोक्याच्या बरंच वर. तुमची वाट नदीच्या कडेला असणार म्हणजे ती मोठ्या पुरात बुडणारच. बुडू नये म्हणून भराव घालून उंच करू, असा विचार अहवालात आहे; तो सोडून द्या. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध: तिथं इमारत, भिंत, भराव चालत नाही, पण बाग, खेळाचं मैदान अशी मोकळी जागा चालते. जमिनीच्या पातळीला असलेली, पाणी अडवत नाही अशी वाट या दुसऱ्या प्रकारात बसवून मागता येते. भराव घातलात की तो बांध झाला; पलीकडच्या काठाचं गाव हरकत घेईल आणि जलसंपदाचे कार्यकारी अभियंता ना हरकत देणार नाहीत, आणि देऊही नये.

मग बुडणारी वाट कशी बांधायची? आमच्या लोकांना पेव्हर ब्लॉकचं वेड आहे. पेव्हर खालच्या वाळूवर बसलेला असतो. पाणी वाळू उचलून नेतं आणि ब्लॉक दातासारखे हलायला लागतात. मुरूम नुसता टाकला तर पहिल्या पुरात उसाच्या शेतात जातो. टिकतं ते असं: खडीकरण करून दाबलेला थर, वर काँक्रीट, दोन्ही कडांना जमिनीत खोल गेलेली कर्बची भिंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काठापासून अंतर. पूर चढताना काठ पडत नाही. पाणी झपाट्यानं उतरतं तेव्हा पडतो, कारण आतली काळी माती अजून पाण्यानं भरलेली असते आणि बाहेरचा पाण्याचा आधार गेलेला असतो. त्यामुळे अगदी कडेनं, नदीचं पाणी खाली दिसेल अशी वाट आखलीत तर ती दोन-तीन पावसाळ्यांत नदीत जाईल. जिथं काठ तासलेला दिसतो तिथं वाट आत घ्या आणि काठावर वाळा, बांबू, करंज, वाळुंज लावा. दिव्यांचे खांब नकोत. सोलर दिव्यांच्या बॅटऱ्या पुराआधीच चोरीला जातात, पूर आला तर खांबाला उसाचा पाला आणि वेली अडकून खांबच आडवा होतो.

हे सगळं बदललंत की चार कोटींचं काय होतं बघा. साडेतीन किलोमीटर गुणिले अडीच मीटर म्हणजे ८,७५० चौरस मीटर. चार कोटी म्हणजे चौरस मीटरला साडेचार हजारांच्या वर. त्यात वाट कमी आणि रेलिंग, दिवे, कारंजं, ‘सेल्फी पॉइंट’ आणि प्रवेशद्वार जास्त. प्रवेशद्वार तर पहिल्यांदा काढा. कमानीवर कुणाचं नाव, या वादात अख्खं काम अडकलेलं मी पाहिलंय. चालू दरसूचीवर जिल्हा परिषदेच्या उपविभागाकडून नवं अंदाजपत्रक करून घ्या. आकडा बराच खाली येईल.

आता निधी. एक आराखडा करायचा, त्यावर साखळी क्रमांक, म्हणजे सुरुवातीपासूनच्या अंतराचे आकडे, घालायचे, शून्यापासून साडेतीन किलोमीटरपर्यंत, आणि तो ग्रामसभेत मंजूर करून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यायचा. त्यानंतर टप्पे. घाट आणि आसपासचा पहिला तुकडा: गावात देवस्थान असेल आणि त्याला ‘क’ वर्ग यात्रास्थळाचा दर्जा असेल, तर घाटाची दुरुस्ती, स्वच्छतागृह, आवारातली फरसबंदी जिल्हा वार्षिक योजनेतून होते. दर्जा नसेल तर तो जिल्हा नियोजन समितीकडून मिळवायचा प्रस्ताव आजच द्या, पण वाटेचं काम त्याच्यासाठी थांबवू नका. मधला तुकडा, जो वस्त्यांना जोडतो: हा खरं म्हणजे ग्रामीण रस्ताच, त्यामुळे ग्रामविकास विभागाच्या २५१५ मधून, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांतून तो मागता येतो. तुमच्या गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या वर असेल तर मोठ्या ग्रामपंचायतींच्या नागरी सुविधा अनुदानाकडेही बघा. शाळेचं मैदान वाटेला लागून आहे म्हणालात. तिथं धावनपथ, सपाटीकरण, कुंपण हे क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास अनुदानात बसतं, आणि व्यायामाची साधनं व्यायामशाळा विकासात. भरतीची पोरं साडेतीन किलोमीटरच्या वाटेपेक्षा चारशे मीटरच्या मातीच्या धावनपथावर जास्त खूश होतील, हे त्यांना विचारून बघा. झाडं सामाजिक वनीकरण किंवा रोजगार हमीतून. रोजगार हमीचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात झालेला, पण आज बागायती गावांत त्यावर मजूर मिळत नाहीत, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

आमदार निधी आणि खासदार निधी हे शेवटच्या तुकड्यासाठी ठेवा. खासदारांकडे वर्षाला पाच कोटी असतात ते अख्ख्या लोकसभा मतदारसंघाला, म्हणजे जतपासून मिरजेपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघांना. त्यातून तुमच्या वाटेला किती मागायचे याचा अंदाज त्यावरून करा. मात्र ‘दोनशे मीटर राहिलेत, बाकी वाट झालीय’ असं फोटोसकट दाखवलंत तर नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. वित्त आयोगाचा अबंधित हिस्सा, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेला पैसा, याच कारणासाठी हाताशी ठेवा: मोजणी फी, नकाशे, फलक, एखादा जोडणारा तुकडा. पाणी आणि स्वच्छतेचा बंधित पैसा वाटेवर खर्च करू नका. ओला-सुका कचरा, शौचालय, सांडपाण्याचा नदीत जाणारा नाला अडवून शोषखड्डे, एवढंच त्यातून. पण तेही वाटेचंच काम आहे. गावाचं गटार नदीत ओतत असेल तिथून नाक धरून कोण चालणार?

‘माझी वसुंधरा अभियान’ २०२० पासून राज्याचा पर्यावरण विभाग चालवतो, त्यात चांगलं काम करणाऱ्या ग्रामपंचायतींना बक्षिसाची रक्कम मिळते आणि ती पर्यावरणाच्या कामाला वापरायची असते. भूमी, जल या घटकांत काठावरची झाडं आणि नाला अडवणं मोजलं जातं. हे अनुदान नाही, पण याच्या निमित्तानं गाव झाडं जगवतं, ते मला अनुदानापेक्षा महत्त्वाचं वाटतं. तुमच्या वरच्या अंगाला कराड नगरपालिकेनं २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिला क्रमांक घेतला. त्यांचा प्रीतिसंगमाचा परिसर जाऊन बघा, कमान किंवा कारंजं बघायला नव्हे, पूर उतरल्यावर गाळ कोण आणि कसा काढतं ते विचारायला.

तुकडे पाडण्याबद्दल एक इशारा. ई-निविदा टाळायला एकाच कामाचे तुकडे पाडणं हा नियमभंग आहे आणि लेखापरीक्षक तेच शोधत असतात. तुम्ही करताय ते वेगळं आहे, पण ते कागदावर वेगळं दिसलं पाहिजे. एकच मंजूर आराखडा, प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र साखळी क्रमांक, स्वतंत्र लेखाशीर्ष, आणि प्रत्येक फाइलला ‘सा. क्र. ०/६०० ते १/४०० हे काम इतर कुठल्याही योजनेत घेतलेलं नाही’ असा ग्रामसेवक आणि शाखा अभियंत्याच्या सहीचा दाखला. त्याच मीटरवर दोन योजना लागल्या की चौकशी लागते. गावाच्या राजकारणात विरोधी गट पहिला अर्ज तोच करतो.

वेळेचंही भान ठेवा. जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा आदल्या हिवाळ्यात ठरतो, साधारण जानेवारीत पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समितीची सभा होते. एप्रिलमध्ये अर्ज घेऊन गेलात तर सगळे गोड बोलतील, पण त्या वर्षाचा नियत व्यय, म्हणजे खर्चाला ठरलेली रक्कम, वाटून झालेला असेल. आणि वाटताना आधी मागच्या वर्षीच्या अपुऱ्या कामांचं दायित्व वजा होतं, उरतं त्यात नवी कामं. दिवाळीपर्यंत तुमची फाइल जागेच्या कागदांसकट जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागात असेल तरच ती जानेवारीत चर्चेला येते. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला पुढच्या वर्षीची मार्चअखेर मिळते, इतर यंत्रणांना त्याच वर्षीची. म्हणून कार्यान्वयन यंत्रणा शक्य तिथं जिल्हा परिषदच ठेवा. दुसरी एक गोष्ट कुणी लेखी सांगत नाही: फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या गावांची कामं जागेच्या वादात अडकतात आणि पैसे परत जायची वेळ येते, तेव्हा नियोजनवाले तयार फाइल शोधतात. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, नमुना २३, पूररेषेचा दाखला, सगळं लावलेली फाइल त्या वेळी ज्याच्या हातात असते त्याला पैसा मिळतो.

प्रस्ताव लिहिताना ‘पर्यटनाला चालना’, ‘जागतिक दर्जा’ असले शब्द घालू नका. एक पान पुरे. सुरुवातीला मोठ्या रस्त्यावरची आजची अडचण: पहाटे साडेपाच ते सात किती माणसं त्या रस्त्यावर चालतात, किती पळतात, हे आठवडाभर दोन पोरींना बसवून मोजून घ्या आणि तारीखवार तक्ता लावा. अपघात झाले असतील तर पोलीस ठाण्यातून नोंदींची माहिती घ्या. जागेची तुकडेवार स्थिती, पूररेषेचा नकाशा, अंदाजपत्रकाचा गोषवारा, दुरुस्तीचा ठराव, फोटो. फोटोत पावसाळ्यातला काठही हवा. फक्त उन्हाळ्यातले देखणे फोटो लावले की अनुभवी अभियंता पहिला प्रश्न विचारतो तो पुराचाच.

दुरुस्तीचा ठराव म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळे तो शेवटी घाईत करतात. सरकार बांधायला पैसे देतं, झाडायला देत नाही. पूर उतरला की वाटेवर वीत-दीड वीत गाळ बसतो. तो ओला असताना फावड्यानं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं निघतो. पंधरा दिवस ठेवला तर वाळून घट्ट होतो आणि मग जेसीबी आणावा लागतो, आणि जेसीबीच्या दातानं वाट उखडते. म्हणून ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून दरवर्षी ठरावीक रक्कम, मोटारीचा पंप कुणाचा, डिझेल कोण देणार, एवढं ठरावात नाव-आकड्यासकट लिहा. गावात तालीम मंडळं आहेत, बचत गट आहेत. वाटेचे तुकडे त्यांना वाटून द्या. काढलेला गाळ मळीवाल्यांना फुकट द्या, ते आनंदानं उचलून नेतील.

आणि मगरी. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप हा सगळा पट्टा मगरींचा, तुमच्याकडे नसतील असं होणारच नाही. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली आहे, तिला हुसकावता येत नाही आणि वनविभागाच्या परवानगीशिवाय पकडताही येत नाही. वनक्षेत्रपालांना आत्ताच पत्र द्या, त्यांच्या माणसाबरोबर काठ चालून घ्या. मगर ऊन खायला कुठं येते, अंडी कुठं घालते, ते ते लोक आणि तुमचे कोळी बरोबर सांगतील. त्या जागी वाट आत वळवा, पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या करू नका, फलक लावा. वनविभागाचं पत्र फाइलला जोडलंत तर उद्या दुर्घटना झाली तेव्हा ‘विचारलंच नव्हतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही. पहाटे अंधारात पळणाऱ्या पोरांना हे तोंडी सांगा, फलक वाचायला ती थांबत नाहीत.

सल्लागाराला उरलेले पैसे देण्याआधी त्याच्याकडून तलांक, म्हणजे जमिनीच्या उंचीचे आकडे, घेतलेला नकाशा तेवढा मागून घ्या, तो उपयोगी आहे. बाकी अहवाल कपाटात ठेवा. पुढच्या महिन्यात मोजणीचा अर्ज करा. साडेतीन किलोमीटर एकदम नको, घाटापासून पहिल्या किलोमीटरची हद्द कायम मोजणी, सोबत लगतच्या खातेदारांना नोटिसा. मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा आणि मळीवाल्यांना आदल्या रात्री घरी जाऊन सांगा, नोटिशीवर सोडू नका. भूमी अभिलेखकडून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की तिचा फोटो मला पाठवा, त्यावर साखळी क्रमांक टाकून पहिला टप्पा कुठल्या लेखाशीर्षात घालायचा ते ठरवू.